व्हर्बलला चार मार्क

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी खाली 'ताई, तुमचा विश्वास आहेच तर मग...' असं सुरू करायला नको. माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. हे टाईप करताना पण नाही — आणि माझा खरा वैताग तोच आहे. ज्यांचा विश्वास असतो त्यांचं बरं असतं. असं काही घडलं की ते हात जोडतात, नारळ फोडतात आणि शांत झोपतात. मी काय करू?

मी अकोल्याच्या एका नर्सिंग कॉलेजमध्ये ट्यूटर आहे. घर जठारपेठेत. शिकवायला लागण्याआधी बरीच वर्षं न्यूरो आयसीयूमध्ये काढली. 'वारं गेलं' म्हणून लकव्याच्या माणसाला आधी कुठल्यातरी महाराजाकडे नेऊन, सगळी वेळ घालवून मग आमच्याकडे आणणारे नातेवाईक... झटके येणाऱ्या पोराच्या नाकाला चप्पल लावणारे काका... अशा सगळ्यांशी मी भांडले आहे. एकदा तर वॉर्डातच एका मावशीच्या हातातला अंगारा काढून घेतला होता. पोरी मला मागून 'हिटलर' म्हणतात हे मला माहीत आहे. म्हणोत.

तर अशा बाईच्या बाबतीत हे झालं. माझ्या आईचा जीव होता यात, म्हणून लिहितेय. नाहीतर कोणाला सांगितलंही नसतं.

मागच्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. सेकंड इयरच्या पोरींना जीसीएस शिकवत होते. बेशुद्ध पेशंट किती बेशुद्ध आहे हे मोजायची ती पद्धत. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का — तिन्हीचे मार्क द्यायचे. पूर्ण शुद्धीत असलेल्याला पंधरा. काहीच नाही तर तीन, शून्य नाही. बोलण्याला, म्हणजे व्हर्बलला, जास्तीत जास्त पाच. पेशंट बोलतोय पण भलतंच काहीतरी सांगतोय, कुठं आहे ते कळत नाही, तर 'कन्फ्यूज्ड', मार्क चार. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता जीसीएस काही प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर शिकवता येत नाही, पुतळा उत्तर देत नाही. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी — एका पोरीला बेडवर झोपवायचं, काय नाटक करायचं ते तिच्या कानात सांगायचं, आणि बाकीच्यांनी तपासून मार्क काढायचे. बहुतेक पोरी मध्येच हसतात आणि सगळा विचका होतो. प्रगती हसत नाही. ती बाळापूरकडची, शांत पोरगी. पडली की खरंच पेशंटसारखी पडून राहते. म्हणून मी नेहमी तिलाच घेते.

दुपारची वेळ, जेवणानंतरचा तास. पोरी पेंगलेल्या. प्रगती बेडवर आडवी झाली. मी तिच्या कानात सांगितलं, "डोळे उघडायचे नाहीत. तोंडातून आवाज काढायचा नाही. नखावर पेन दाबला की फक्त हात मागं घ्यायचा." तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. मग मी काळे मॅडमना — आमच्या दुसऱ्या ट्यूटर — चार्ट लावायला सांगितला, पोरींना डोळ्यांच्या हालचालीबद्दल थोडं समजावलं आणि पेशंटकडे वळले.

"बाई, ऐकू येतं का? तुमचं नाव काय?"

काही आवाज येणार नव्हता. ठरलंच होतं तसं. पण प्रगती बोलली.

"माहं नाव काय इचारतं व बेबे? वयखत नाई का मले?"

वर्ग फुटला. पोरी एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. मॅडमला 'बेबे', आणि वर 'ओळखत नाही का मला'! माझं घरचं नाव बेबी आहे, पण ते कॉलेजात कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. आणि खरं सांगायचं तर वऱ्हाडात प्रत्येक गल्लीत एक बेबी असते, त्यामुळं माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो एवढाच, की पोरगी आगाऊ झाली. एक मात्र इथंच सांगून ठेवते, कारण पुढं लोक मला विचारतात. आवाज प्रगतीचाच होता. सिनेमात होतो तसा घोगरा-बिगरा काही झाला नव्हता. बोली तेवढी जाड होती, पण बाळापूरच्या पोरीची बोली जाड असणारच ना!

मला राग आला होता. पण वर्ग चाललाय, पोरी जाग्या झाल्यात, म्हटलं चला, हेच वापरू. "बरं बाई, तुम्ही कुठं आहात?"

"हौदापाशी. वरच्या वावरात."

"कोणता महिना सुरू आहे?"

"झेंडू तोडाचा."

पुन्हा हशा. मी वर्गाकडे वळून विचारलं, "नाव सांगत नाही, जागा चुकीची, महिना नीट सांगता येत नाही. व्हर्बल किती?"

"फोर, मॅडम!" सगळ्या एका सुरात.

"करेक्ट. कन्फ्यूज्ड." आणि मी बोर्डावर चार लिहिले. हो. मी, माझ्या हातानं, झकास अक्षरात चार लिहिले. तो चार आठवला की आजही खडू भिंतीवर फेकावासा वाटतो.

माझी पाठ वळलेली असताना प्रगती अजून एक वाक्य बोलली. "डोक्याखाली वल्लं लागून राहिलं व." वल्लं म्हणजे ओलं. मी म्हटलं, "बास प्रगती, पुरे आता."

मग हाताची तपासणी. डाव्या हाताच्या नखावर पेन दाबला. हात हलला नाही. मला वाटलं, नाटक चाललंय. जोरात दाबला. नंतर बघितलं तर नखाशी लाल रेघ उठली होती, इतका जोरात. शुद्धीतल्या माणसाचा हात आपोआप मागं जातो, त्यात ठरवण्यासारखं काही नसतं. हिचा गेला नाही. उजव्या हाताला दाबलं, तो झटकन मागं गेला.

मी पेन खाली ठेवला. खिशातला टॉर्च काढला, पापण्या वर केल्या.

डावी बाहुली व्यवस्थित आकसली. उजवी मोठी, पार कडेपर्यंत पसरलेली, आणि टॉर्च मारला तरी ढिम्म.

नर्सिंगवाले वाचत असतील त्यांना कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. डोक्याला मार लागून कवटीच्या आत एका बाजूला रक्त साचत गेलं की मेंदू दाबला जातो, खाली सरकतो. डोळ्याकडे जाणारी एक नस त्या दाबाखाली सापडते आणि त्या बाजूची बाहुली पसरून बसते. हात-पाय लुळे पडतात ते बहुधा उलट्या बाजूचे. उजवी बाहुली, डावा हात. आणि हे दिसलं की धावायचं असतं, कारण मिनिटांवर काम असतं. बेशुद्धीचं नाटक करता येतं, लुळ्या हाताचं करता येतं, बडबडीचं तर कोणीही करेल. एका डोळ्याची बाहुली मोठी करून दाखवणारी पोरगी अजून जन्माला यायची आहे.

"काळे मॅडम, इकडं बघा." काळे मॅडमनी स्वतःचा टॉर्च मारला. त्यांच्या तोंडाचा रंग उडाला. एवढंच माझ्या बाजूनं आहे, की ते डोळे बघणारी मी एकटी नव्हते.

नंतरची धावपळ तुम्ही समजून घ्या. स्ट्रेचर, कॉलेजला लागूनच असलेलं हॉस्पिटल, पोरींची रडारड. आम्ही कॅज्युअल्टीच्या दारात पोचतो न पोचतो तोच प्रगती उठून बसली. "मॅडम, झोप लागली का मला? सॉरी मॅडम." डॉक्टरांनी तपासलं — दोन्ही बाहुल्या सारख्या, दोन्ही हातांत ताकद, नाव-गाव-महिना सगळं बरोबर. पंधरापैकी पंधरा. डॉक्टरनी माझ्याकडं असं बघितलं, की इतक्या वर्षांची माझी नोकरी एका नजरेत पाण्यात गेली.

तरी मी सीटी स्कॅनचा आग्रह धरला. आणि सीटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा मला ते शब्द टोचायला लागले. बेबे. हौद. वरचं वावर. झेंडू.

आमचं माहेर अमरावतीजवळ. भाजीपाला आणि फुलांची शेती. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूचा तोडा चालू असतो. आमचं एक खालचं वावर आहे, रस्त्याला लागून, आणि एक वरचं. वरच्या वावरात सिमेंटचा हौद आहे.

तुम्ही म्हणाल, मग फोन करायला क्षणभरही उशीर का लावला? अहो, मला लाज वाटत होती! मी, जी लोकांच्या हातातले अंगारे काढून घेते, ती आता झोपेत बरळलेल्या विद्यार्थिनीच्या बोलण्यावरून भावाला फोन करणार? पण त्या बाहुलीला मी काय म्हणणार होते? केला फोन. दादानं उचलला. मागं बायांचा गलका, टेम्पोचा आवाज.

"बोल बेबी, लवकर बोल, गाडी भरून राहिली."

"दादा, आई कुठं आहे?"

"इथीच, खालच्या वावरात असन बायांसंगं. काहून?"

"असन म्हणजे? दिसते का तुला?"

"मंग काय तिच्यामागं फिरू का मी? तोडा चालू हाये, बाप्पा."

"वरच्या वावरात जा. हौदापाशी."

"तिथी काय हाये? तिथी कोनीच नाई, आज तोडा खाली हाये. काहून पन?"

काहून! का म्हणून सांगू? स्वप्न पडलं म्हणू? दुपारी? मी फोनवर जोरात ओरडले, सीटीबाहेरची सगळी माणसं वळून बघायला लागली. "दादा, मी सांगते म्हणून जा. नसली तर मला आयुष्यभर शिव्या दे. फोन चालू ठेव आणि जा!"

तो पुटपुटत निघाला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मग नुसता वारा. मग दादाचा असा आवाज आला जो मी बाबा गेले तेव्हाही ऐकला नव्हता.

आई हौदाच्या कडेला पडली होती. नळ सोडायला म्हणून एकटीच वर गेली असावी. शेवाळावरून पाय सरकला आणि डोकं सिमेंटच्या काठावर आपटलं. हौदातून सांडलेलं पाणी तिच्या मानेखालून वाहत होतं.

"दादा, आधी श्वास बघ. चालू आहे? ठीक. पाणी पाजू नको. उठवून बसवू नको. आता तिचा उजवा डोळा उघड आणि मोबाईलची बत्ती मार. मग डावा."

तो रडत होता. पण केलं त्यानं.

"बेबी... एक बाहुली मोठी हाये, एक लहान. उजवी मोठी हाये. तुले कसं मालूम व?"

मी बाकावरून उठले, परत बसले. आतमध्ये प्रगतीचा स्कॅन चालू होता.

पुढचं सगळं ट्रेनिंगनं केलं, मी नाही केलं. मान आणि डोकं सरळ ठेवून कुशीवर कसं वळवायचं ते सांगितलं, टेम्पो रिकामा करून त्यात गोण्या अंथरायला लावल्या, अमरावतीच्या हॉस्पिटलमध्ये ओळखीच्या सिस्टरला फोन करून ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं. प्रगतीचा रिपोर्ट नॉर्मल आला, तो काळे मॅडमच्या हातात देऊन मी अमरावतीला निघाले. मी पोचले तेव्हा आई थिएटरमध्ये होती. उजव्या बाजूला कवटीच्या आत रक्त साचलं होतं, ते काढलं. सर्जन म्हणाले, जरा अजून उशीर झाला असता तर आम्ही हात लावला नसता. मग म्हणाले, "नशीब, कोणीतरी बघितलं." मी म्हटलं, हो सर, नशीब.

आईनं डोळे उघडले तेव्हा मी पायथ्याशी उभी होते. तिथली सिस्टर तरुण होती, कामात पक्की. तिनं अगदी आम्ही शिकवतो तसं विचारलं. "आजी, तुम्ही कुठं आहात?"

आईचे ओठ कोरडे होते. "कालेजात," ती म्हणाली. "पोरी लय हासून राहिल्या मले."

सिस्टरनं माझ्याकडं बघून हसत मान हलवली. "कन्फ्यूज्ड आहेत थोड्या. होतं मॅडम असं. व्हर्बल फोर." आणि चार लिहिले.

 मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून रडले. आई वाचली म्हणून रडले असं सगळ्यांना वाटलं. तेही होतंच.

आता माझा त्रास ऐका. मी ओळखीच्या एका न्यूरॉलॉजिस्टना विचारलं — फक्त प्रगतीबद्दल, आईबद्दल नाही. ते म्हणाले, मायग्रेन असलेल्या तरुण मुलींमध्ये कधीकधी एकच बाहुली थोडा वेळ मोठी होते, घाबरायचं काम नाही. किंवा धोतऱ्याचा हात डोळ्याला लागला असेल. धोतऱ्यानं झालं असतं तर इतक्या लवकर उतरलं नसतं, हे मलाही कळतं. मायग्रेन मी मान्य केला. अगदी आनंदानं मान्य केला! पण मायग्रेनला आमचा हौद कसा माहीत? प्रगतीनं आमचं गाव बघितलेलं नाही, माझ्या आईला बघितलेलं नाही. योगायोग म्हणावं तर किती योगायोग एका बेडवर झोपवायचे? मी प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली की तिला उत्तर मिळतं. सगळ्या एकत्र ठेवल्या की माझं डोकं चालायचं थांबतं.

आणि आमचे नातेवाईक! त्यांना तर पर्वणीच. दादानं सगळीकडं सांगितलं की बेबीला अकोल्यात बसून दिसलं. आता गावी गेले की बाया मला म्हशी हरवल्याचं विचारतात. काकू म्हणाली, "आता तरी मानशील ना व?" काय मानू? कोणाला मानू? प्रगतीचं नाव मी कोणाला कळू दिलं नाही. कॉलेजात सगळ्यांना मायग्रेन सांगितलं आणि तिच्या घरीही तेच सांगितलं. नाहीतर त्या पोरीला शिक्षण सोडून लोकांचे प्रश्न सोडवत बसावं लागलं असतं. काळे मॅडम या विषयावर बोलतच नाहीत. मी काढला की त्यांना अचानक काम आठवतं.

सगळ्यात मोठा राग मात्र वेगळाच आहे, तो इथंच पहिल्यांदा लिहितेय. मी तिथं होते. बेडपासून हातभर अंतरावर. तिची सख्खी लेक. मग ती अनोळखी पोरगी का?

आई आता चांगली आहे. डाव्या हाताची पकड थोडी कमी, पण झेंडूचे हार ओवते. पडल्याचं तिला काहीच आठवत नाही, कॉलेजचं तर अजिबातच नाही. मेंदूला मार लागल्यावर असं विसरायला होतं, यात नवल नाही. तरी मी प्रत्येक फेरीत खोदून विचारते. मागच्या वेळी ती शेवटी कंटाळली.

"मले काई याद नाई म्हनलं ना व. कितीखेप इचारशीन?"

"पण आई, आलीच असशील तर माझ्याकडं यायचं ना. मी उभी होते तिथं."

तिनं हारातला दोरा दातांनी तोडला, माझ्याकडं बघितलं. चिडलेली नव्हती.

"आली असन तं पयले तुह्याचकडं आली असन, बेबे. तू शिकवून राहिली असशीन."

हे काही स्पष्टीकरण नाही, मला माहीत आहे. तिला काही आठवत नाही, ती आपली बोलायचं म्हणून बोलली. पण तेव्हापासून मी ती दुपार डोक्यात पुन्हा पुन्हा लावून बघतेय. प्रगती बेडवर आडवी झाली तिथपासून तिनं तोंड उघडलं तिथपर्यंत. त्या मधल्या वेळात मला काही जाणवलं का? डोकं दुखलं? मानेला गार लागलं? उगाच जीव घाबरा झाला? तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव असेल तर सांगा, नेमकं काय होतं, कारण मला शोधायचं आहे. मला तो तास सगळा आठवतो. पंख्याची घरघर, मागच्या बाकावरच्या पोरीनं दिलेली जांभई, मी डोळ्यांच्या हालचालीबद्दल काय काय सांगितलं ते शब्दांसकट.

मला काहीच झालं नव्हतं. साधी उचकीसुद्धा लागली नव्हती.